वालूरकरणीचं नाव

दिवाळी अंकासाठी शाळेतल्या आठवणी लिहून द्या, असा संपादकांचा आग्रह आहे. आठवणी पुष्कळ आहेत, पण मास्तरणीच्या आठवणी म्हणजे छडी, पाढे आणि मधल्या सुट्टीतली भांडणं. त्या सगळ्या शाळांमध्ये सारख्याच असतात. मला विचाराल तर माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोलाचं काम मी वर्गाबाहेर केलं, आणि खरं म्हणजे ते माझं कामच नव्हतं. निजामाचं राज्य गेलं, आम्ही भारतात आलो, पहिली निवडणूक जाहीर झाली आणि सरकारच्या लक्षात आलं की मत बायकांनाही आहे. बायकांची नावं विचारायला बायकाच हव्यात. लिहिता-वाचता येणाऱ्या बायका परभणी जिल्ह्यात त्या वेळी दिवा घेऊन शोधाव्या लागत. मग मुलींच्या शाळेतल्या आम्ही मास्तरणी सापडलो.

आमच्याआधी पटवाऱ्यांनी एक फेरी केली होती. त्यांची पद्धत सोपी. ओट्यावर बसायचं, पाणी मागायचं, घरच्या पुरुषाला विचारायचं, की घरात मोठी माणसं किती आणि कोण. पुरुषांची नावं बापाच्या नावासकट व्यवस्थित यायची. बायकांचं विचारलं की घरधनी हात झटकायचा आणि जे तोंडाला येईल ते सांगायचा. यादीत मग अशा ओळी पडल्या: धोंडिबाची बायको. मारोतीची माय. गंगाखेडकरीण. वालूरकरीण.

बाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. आमच्याकडे लग्न होऊन आलेली बाई ज्या गावची असेल त्या गावाच्या नावानं ओळखली जाते. वालूरची ती वालूरकरीण, गंगाखेडची ती गंगाखेडकरीण. माहेरचं नाव लग्नात जातं. सासू नवं ठेवते, पण ते नवं नावही कुणी घेत नाही. नवरा घेत नाही, कारण बायकोला नावानं हाक मारायची नसते. दीर-सासरा घेत नाहीत, कारण सुनेला हाकच मारायची नसते. पोरं आय म्हणतात. एका वाडीत तीन वालूरकरणी असल्या तर थोरली, मधली आणि धाकटी. झालं काम. अशा रीतीनं बाई दोन नावांची धनीण असून आयुष्यभर एकही न वापरता मरू शकते.

तहसील कचेरीतल्या पेशकारांनी आम्हाला बोलावलं. पेशकार म्हणजे तहसीलदारांचे मुख्य कारकून. भले गृहस्थ, उर्दूत शिकलेले, मराठी बोलताना मधेच दख्खनीत घसरायचे.

"बाईसाहेब, ये देखो. वालूरकरीण. ये क्या नाम हुआ? वरून हुकूम आलाय. बाईचं स्वतःचं नाव पायजे. नाव न्हाई मिळालं तर रेघ मारायची."

"म्हणजे तिचं मत गेलं?"

"गया समझो," पेशकार म्हणाले, आणि याद्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

मी शाळेत येऊन आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे हेडमास्तरीणबाईंना, हे सांगितलं. त्या हैदराबादला ट्रेनिंग घेतलेल्या, इंग्रजी वाचणाऱ्या, आणि रागावल्या की पदर खोचणाऱ्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि मला एका अमेरिकन बाईची गोष्ट सांगितली. ती त्यांनी ट्रेनिंगच्या दिवसांत एका जुन्या पुस्तकात वाचली होती. ती गोष्ट मी पुढं इतक्या ओट्यांवर सांगितली की आता ती मला माझ्या मावशीची वाटते.

शंभर वर्षांपूर्वीची बाई. शेतकऱ्याची मुलगी. ती जन्माला यायच्या आदल्या संध्याकाळी तिच्या आईनं गोठ्यातल्या सगळ्या गाईंच्या धारा काढल्या होत्या, आणि मुलगी झाली हे कळल्यावर आईला वाईट वाटलं होतं. मुलीला शिकायचं होतं. बापानं पैसे दिले नाहीत, म्हणून तिनं पोरं शिकवून स्वतःचे पैसे जमवले आणि मोठ्या कॉलेजात गेली. मग गावोगाव भाषणं करत हिंडली, की गुलामांना सोडा आणि बायकांना मत द्या. लोकांनी फेकायचं ते सगळं फेकलं. एकदा भर थंडीत खिडकीतून नळी आत घालून तिच्या अंगावर गार पाणी सोडलं. तिनं शाल घट्ट ओढली आणि भाषण पुरं केलं. पुढं लग्न केलं, पण नवऱ्याचं नाव लावलं नाही. जन्माचं नाव तेच शेवटपर्यंत. बऱ्याच वर्षांनी तिच्या मुलखात बायकांना शाळा कमिटीपुरतं मत मिळालं. ती नाव नोंदवायला गेली. यादीवाले म्हणाले, नवऱ्याचं नाव लाव, मग मत. तिनं लावलं नाही. तिचं नाव यादीतून काढलं. जिनं जन्मभर मतासाठी घसा फोडला, तिनं हातात आलेलं तेवढंसं मत सोडलं, पण नाव सोडलं नाही.

"आणि इथं बघ," मोठ्या बाई म्हणाल्या, "इथं नाव नाही म्हणून मत जातंय. एकही रेघ मारू नकोस."

एकही रेघ मारायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं. मी तेव्हा तिशीच्या आतली होते, आणि ठरवलं की होतं असं मला वाटायचं.

फिरायला लागल्यावर कळलं की नाव विचारणं म्हणजे चोरीचा तपास करण्यापेक्षा अवघड. यादी म्हटलं की लोकांना निजामाच्या काळातली धान्याची लेव्ही आठवायची. नाव लिहिलं की पाठोपाठ शिपाई पायली-मापटं घेऊन येणार. परभणीतच एका मोहल्ल्यात पडद्याआडून एक बीबी मला म्हणाल्या, "नाम लिखे तो पाकिस्तान भेज देंगे बोलते." मी म्हटलं, नाव नाही लिहिलं तर भीती, लिहिलं तर इथल्याच म्हणून कागदावर नोंद. त्यांनी थोडा विचार केला आणि पडद्याआडून आपलं, दोन्ही सुनांचं आणि शेजारणीचं अशी सगळी नावं खणखणीत सांगितली.

नवऱ्याचं नाव हा तर वेगळाच तमाशा. यादीत बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लागतं, आणि ते बाई घेणार नाही. मग शेजारीण सांगणार, नाहीतर पोर सांगणार. एका गावात कुणीच नव्हतं, तेव्हा बाईनं लाजत लाजत लग्नातला उखाणा घेतला. माझ्याबरोबरचा पटवारी गडबडीत सगळा उखाणाच लिहीत सुटला. त्या बाईच्या नवऱ्याच्या रकान्यात चांदीचं ताट आणि त्याभोवतीची रांगोळीसुद्धा आली. पेशकारांनी ते वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पेडगावच्या पलीकडे धनगरांची एक वस्ती होती. सकाळच्या गाडीनं पेडगावला उतरायचं आणि तिथून पायी. पुरुष बहुतेक मेंढरं घेऊन बाहेर गेलेले असायचे. वस्तीवर बायका, लेकरं, म्हातारी माणसं आणि एखाद-दुसरा थोरला, जो घरची शेती बघतो. या वस्तीवर तो थोरला म्हणजे ज्ञानोबा. त्याच्या घरात त्याची विधवा आई, वालूरकरीण, आणि धाकट्या भावाची बायको, गंगाखेडकरीण. धाकटा भाऊ मारोती मेंढरांमागं गेलेला. ज्ञानोबाची स्वतःची बायको वारलेली होती.

वालूरकरीण म्हणजे वस्तीची सरकार होती. काळी, उंच, कपाळावर गोंदण, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता लांब रानाकडे बघायची. मी ओट्यावर बायका जमवल्या आणि अमेरिकेतल्या बाईची गोष्ट सांगितली. आदल्या संध्याकाळी गाईंच्या धारा काढल्या, इथपर्यंत आले आणि बायका एकदम जवळ सरकल्या.

"मंग तर आपल्यातलीच की वो बाई," एक जण म्हणाली.

"तिला नवरा कसा गावला?" दुसरीनं विचारलं.

मी सांगितलं, की लग्नातच त्यानं लिहून दिलं, कायद्यानं बायकोवर नवऱ्याचा जो हक्क होतो तो मला नको.

यावर बायका इतक्या हसल्या की बांधलेलं कोकरू दचकून उठलं. "असा नवरा कंच्या बाजारात गावतोय, तेवढं इचारून या," असं मला सांगण्यात आलं.

वालूरकरीण हसली नाही. "नाव न्हाई बदललं, मंग सासूनं घरात कशी घेतली?" तिनं रानाकडे बघत विचारलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून गंगाखेडकरीण बोलली. दोन वर्षांचं लेकरू मांडीवर घेऊन ती सगळं ऐकत होती.

"बाई, मपलं नाव सगुणा लिवा."

वालूरकरणीनं मान वळवली. "सगुणा कोन? तुजं नाव लक्ष्मी हाय. म्या ठिवलं."

"आत्याबाई, तुमी ठिवलेलं नाव तुमी एकदाबी हाकारलं न्हाई," सगुणा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण खालीही गेला नव्हता. "सगुणा नाव मपल्या बापानं ठिवलं. रझाकाराच्या सालात बाप गेला, माय गेली. आता त्या नावानं बोलावणारं कुनी राह्यलं न्हाई. कागदावर तरी राहू द्या."

सुनेनं सासूला भर बायकांत असं बोलणं त्या वस्तीवर झालेलं नव्हतं. वालूरकरीण उठली, लुगड्याची धूळ झटकली. "लिव, तुला काय लिवायचं ते लिव. पन मपलं काई लिवायचं न्हाई. मपल्या घरात मी ठिवलेलं नाव चालत न्हाई, तर सरकारच्या कागदात मपलं नाव कशाला?"

मी तिच्या मागं दोनदा गेले. विहिरीपर्यंत गेले. परत पुढच्या आठवड्यात मुद्दाम गेले. ती रानाकडे बघून म्हणायची, "म्हातारीला नाव नसतंय, बाई." सगुणाचं नाव सगुणा मारोती असं यादीत चढलं. वालूरकरणीची ओळ मात्र तशीच राहिली, आणि शेवटच्या दिवशी कचेरीत बसून तिच्यावर मी माझ्या हातानं रेघ मारली. पेशकार म्हणाले, "बाईसाहेब, इतकं काय मनाला लावता, एकच तर हाय." माझ्या अख्ख्या इलाख्यात खरंच ती एकच होती. घरी येऊन मी जेवले नाही.

मतदानाच्या दिवशी आम्हा मास्तरणींना बायकांच्या केंद्रांवर शाई लावायला बसवलं. माझ्या नशिबी नेमकं पेडगावकडचं केंद्र आलं. गावची चावडी, मध्ये पडदा, पडद्याआड पेट्या. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र चिकटवलेलं. बाई आली की पहिल्या टेबलावर नाव सांगायचं. नाव यादीत सापडलं की मी डाव्या हाताच्या बोटाला शाई लावायची, मग तिला मतपत्रिका मिळायची आणि ती आत जाऊन हव्या त्या पेटीत टाकून यायची. काही जणी पेटीला हात जोडून यायच्या, तर काही जणी मतपत्रिका पेटीवरच ठेवून यायच्या, त्यांना परत आत पाठवावं लागायचं. भिंतीशी उमेदवारांची माणसं बसलेली. एखादी बाई भलत्याच नावानं मत देतेय असं वाटलं तर त्यांनी हरकत घ्यायची आणि मग केंद्राधिकाऱ्यांनी निवाडा करायचा. आमचे केंद्राधिकारी दुसऱ्या जिल्ह्यातले, कडक इस्त्रीचे आणि नियमाचे होते. वाईट नव्हते.

त्या भिंतीशी बसलेल्यात ज्ञानोबा होता. एका उमेदवाराला त्यानं वस्तीची सगळी मतं कबूल केली होती. सगुणानं पाणवठ्यावर बायकांना सांगितलं होतं की मत ज्याचं त्यानं द्यायचं असतंय, पडदा त्याच्यासाठीच लावत्यात. हे त्याच्या कानावर गेलेलं असणार.

वस्तीच्या बायका दुपारी एका घोळक्यानं आल्या. सगुणानं टेबलाशी येऊन आपलं नाव सांगितलं.

"सगुणा."

माझ्या शेजारच्या कारकुनाला ओळ सापडली. मी शाईची काडी बुडवली. तेवढ्यात ज्ञानोबा उठला.

"हरकत हाय, साहेब. ही मपली भावजय. हिचं नाव लक्ष्मी. सगुणा नावाची बाई आमच्या घरात न्हाई."

केंद्राधिकारी आले. त्यांनी यादी बघितली, सगुणाकडे बघितलं. मी न राहवून बोलले, "साहेब, हे नाव मीच लिहिलंय. तिनं माझ्यासमोर सांगितलं."

"तिनं सांगितलं ते तुम्ही लिहिलं," ते म्हणाले. "तिचं ते नाव आहे हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं का? नाही ना? आणि तुम्ही केंद्रावरच्या कर्मचारी. तुमची साक्ष चालत नाही."

बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. त्यांनी मग रांगेतल्या वस्तीच्या बायकांना विचारलं, की हिचं नाव काय. आता या बायका त्या दिवशी ओट्यावर हजर होत्या. पण ज्ञानोबा समोर उभा होता, आणि दुसरं असं की त्या खोटं बोलायला तयार नव्हत्या.

"आमी हिला गंगाखेडकरीण म्हनताव," पहिली म्हणाली.

"ते ठीक. नाव काय?"

"तेच की वो साहेब. गंगाखेडकरीण."

दुसरी म्हणाली, "सगुणा म्हन्ली होती ती. पर लक्ष्मी का सगुणा, आमाला काय ठाव? आमी कवा हाक मारलीय?"

नवरा मेंढरांमागं, गंगाखेडला माहेरचं कुणी उरलेलं नाही. केंद्राधिकाऱ्यांनी रुमालानं मान पुसली. मला वाटतं त्यांना तिला परत पाठवायचं नव्हतं. त्यांनी एक वाट काढली, आणि ती कायद्याला धरून होती.

"बाई, हे बघा. तुम्ही याच घरातल्या, मारोतीची बायको, हे तुमचे दीरच सांगतायत. म्हणजे बाई तीच. फक्त यादीत नाव चुकून पडलंय असं म्हणा. माझं नाव लक्ष्मी, असं एकदा सांगा. मी लेखनातली चूक म्हणून नोंद करतो आणि तुम्ही मत देऊन मोकळ्या व्हा."

ज्ञानोबालाही हे मान्य होतं. त्याला हवी ती गोष्ट मिळत होती. भर चावडीत तिनं लक्ष्मी म्हणावं, मग पडद्याआड काही का करेना, वस्तीत त्याचा शब्द मोठा राहिला असता.

मी सगुणाकडे बघितलं. मनात म्हटलं, म्हण ना बाई. एक शब्द म्हण आणि मत दे. मोठ्या बाईंचं आणि अमेरिकेचं मला त्या क्षणी काही आठवलं नाही. मला फक्त ते मत वाया जाऊ नये असं वाटत होतं. सगुणाला मात्र आठवत होतं, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "मत दिलं तर सगुणा दील. न्हाईतर कुनीच देनार न्हाई."

"अहो, मत जाईल तुमचं."

"जाऊ द्या. नाव एकदा गेलंय, परत जाऊ देनार न्हाई."

रांग थांबली. मागच्या बायका टाचा उंचावून बघायला लागल्या. केंद्राधिकाऱ्यांनी पेन उचललं, आणि ते आता नकार लिहिणार हे उघड होतं. मी शाईची काडी अजून हातात धरून बसले होते आणि ती टेबलावर ठिबकत होती.

चावडीबाहेर लिंबाखाली वालूरकरीण सगुणाचं लेकरू घेऊन बसली होती. तिला मत नव्हतं, पण सुनेचं लेकरू सांभाळायला ती वस्तीवरून चालत आली होती. दोघींचं त्या ओट्यावरच्या दिवसापासून बोलणं बंद होतं, असं मला नंतर बायकांनी सांगितलं. दार उघडंच होतं आणि आतलं सगळं बाहेर ऐकू जात होतं. ती लेकरू कडेवर घेऊन उठली आणि सरळ आत यायला लागली. दारातला शिपाई आडवा आला, तेव्हा तिनं त्याच्याकडेही बघितलं नाही.

"मला साक्ष द्यायची हाय," ती म्हणाली. "सोड."

केंद्राधिकाऱ्यांनी खूण केली. ती टेबलाशी येऊन उभी राहिली. या खेपेला तिनं रानाकडे बघितलं नाही. खिडकीच नव्हती तिकडे. ती सरळ साहेबांकडे बघत होती.

"तुम्ही कोण?"

"ह्याची माय." तिनं हनुवटीनं ज्ञानोबा दाखवला. "हिची सासू. हिला बघायला म्याच गेले होते गंगाखेडला. नदीच्या वाटंवर हिचा बाप उभा होता आन् हिला हाका मारायलाता, सगुणा, सगुणा म्हनून. म्या मपल्या कानानं ऐकलं. मंग घरी आनली आन् लक्ष्मी नाव ठिवलं. मपल्या सासूनं मपलं बदललं होतं, म्या हिचं बदललं. ही सगुणाच हाय."

"आये, तू मधी कामून बोलायलीस?" ज्ञानोबा पुढं आला.

"तू गप बस," ती म्हणाली. "हिच्या बापाची हाक तू ऐकली व्हतीस का? मंग?"

ज्ञानोबा खाली बसला. केंद्राधिकाऱ्यांनी वालूरकरणीचा अंगठा घेतला, चार ओळी लिहिल्या आणि हरकत फेटाळली. सगुणानं डावा हात पुढं केला. काडीवर शाई जास्तच आली होती, ती नखाबरोबर अर्ध्या बोटावर पसरली. ती पडद्याआड गेली. ती कोणत्या पेटीपाशी थांबली हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक असतं तरी मी इथं लिहिलं नसतं.

सगुणा बाहेर येईपर्यंत वालूरकरीण तिथंच उभी होती. मग तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आपल्या डाव्या हाताचं बोट माझ्यासमोर धरलं.

"मलाबी लाव."

मी काडी खाली ठेवली. "तुमचं नाव यादीत नाही, आत्याबाई."

"ठाव हाय," ती म्हणाली. "म्याच न्हाई म्हन्ले." तिनं बोट मागं घेतलं, जरा वेळ ते उलटसुलट करून बघितलं, आणि सुनेच्या पुढं पुढं चालत निघून गेली. मागून सगुणा. माझ्या टेबलावरून वाकून बघितलं तर लिंबापर्यंत गेल्यावर दोघी काहीतरी बोलत होत्या.

शाई लावायचं काम मी त्यानंतर कैक निवडणुकांत केलं. हजारो बोटं हातातून गेली असतील. मतं कुठं पडतात, त्यातून काय निपजतं, यावर मला कुणी व्याख्यान द्यायला लावू नका. पुढं पुढं मीही चिडून बोलायला शिकले. पण ते कोरं राहिलेलं बोट मला फार वर्षं छळत राहिलं. वाटायचं, त्या दिवशी विहिरीवर आणखी थोडा वेळ बसले असते तर.

दुसऱ्या निवडणुकीआधी याद्या पुन्हा तपासायच्या होत्या. तोवर आमचा मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात चालला होता. पेशकार निवृत्त झाले होते. मी पेडगावच्या पलीकडची वस्ती मागून घेतली. नवा पटवारी बरोबर होता. ज्ञानोबाच्या ओट्यावर बसलो तर तो पाणी घेऊन आला. माझ्याशी जुनं काही झालंच नाही असं वागला. सगुणा आत भाकरी करत होती. तिनं तिथूनच हाक दिली, "बाई, मपलं हाय ना जागच्या जागी?" मी म्हटलं, आहे.

वालूरकरीण खाटेवर होती. डोळे गेले होते. तरी तोंड रानाकडेच.

पटवाऱ्यानं कागद उघडला. ज्ञानोबानं आईचं म्हणून बापाच्याच नावानं सांगायला सुरुवात केली. "लिवा, धोंडिबाची बायको..."

"थांब," म्हातारी म्हणाली. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या अंदाजानं, वळली. "बाई, ती तुमची अमेरिकेची. तिला शेवटी मत मिळालं का न्हाई?"

मला तिच्याशी खोटं बोलवेना. "नाही, आत्याबाई. बायकांना मिळालं, पण ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी."

"मी अजून गेले न्हाई," ती म्हणाली. "लिवा. मैना."

पटवाऱ्याचं पेन अडलं. ज्ञानोबानं हातातला तांब्या खाली ठेवला. केस पांढरे झालेला माणूस, पण आईचं नाव तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होता. आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"मैना कोन, आये?" तो म्हणाला. "आमी कवा ऐकलं न्हाई. वालूरला तुजं आता कुनी राह्यलं न्हाई. हे नाव कोनाला ठाव हाय?"

"मला ठाव हाय," म्हातारी म्हणाली. "लिवा वो बाई."

पटवारी माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं.